बॅकप्लेटवर एकच सिलिंडर: अडॅप्टर लावावा की पट्टे थेट ओवावेत?

स्कूबा डायव्हिंगमध्ये नेहमीचं हवा भरायचं जॅकेट सोडून बॅकप्लेट (पाठीवरची कडक प्लेट) आणि विंग (तिच्यामागे बसणारी, तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी) यांच्याकडे वळलं की पहिला प्रश्न ठरलेला. प्लेट पाठीला बसली, अंगावर बांधायचा हार्नेस मापात आला; आता श्वासाच्या हवेचा सिलिंडर धरायचा कशाने? कुणी म्हणतं अडॅप्टर घे, कुणी म्हणतं कॅम बँड पुरेत. ऐकणाऱ्याला वाटतं, यातलं एकच काहीतरी घ्यायचं. खरं तर कॅम बँड दोन्हीकडे लागतात. बकल असलेले ते साधारण ५ सेंटिमीटर रुंद पट्टेच सिलिंडर धरून ठेवतात. ठरवायचं असतं ते एवढंच की पट्टे ओवायचे कशात: अडॅप्टरच्या खाचांत, की प्लेट आणि विंगच्या खाचांत.

बॅकप्लेट रुजली ती जोडसिलिंडर पाठीवर नेणाऱ्या, गुहांमध्ये उतरणाऱ्या डायव्हरांमध्ये. जोडसिलिंडरना बांधणाऱ्या धातूच्या कड्यांमधून दोन बोल्ट निघतात आणि प्लेटच्या मध्यरेषेवर, एकमेकांपासून ११ इंचांवर असलेल्या भोकांत बसतात. एकट्या सिलिंडरला असे बोल्ट नसतात. ती उणीव अडॅप्टर भरून काढतो. तो म्हणजे धातूची लांबट पन्हळ, तिला दोन बोल्ट आणि पट्ट्यांसाठी खाचा. प्लेट आणि अडॅप्टर यांच्या मध्ये विंग ठेवायची, नट आवळायचे, मग अडॅप्टरवर सिलिंडर बांधायचा. पुढे बऱ्याच प्लेटांना आणि सिंगल विंगांना, म्हणजे एका सिलिंडरसाठीच्या विंगांना, उभ्या खाचाच येऊ लागल्या. आता पट्टा प्लेटमधून आणि विंगमधून आरपार जातो, मधला धातू लागत नाही.

मग अडॅप्टर अजून लोक का घेतात? सिलिंडर डुलतो म्हणून. प्लेट एकदा आडवी ठेवून नीट बघा. मणक्यासाठी आतून खोलगट केलेला तिचा मधला भाग बाहेरून उंचवट्यासारखा येतो. त्यावर सुमारे १८ सेंटिमीटर व्यासाचा गोल सिलिंडर टेकवला, की फुगीर भागावर फुगीर भाग येतो आणि टेकायला जेमतेम एक रेघ मिळते. पट्टे थोडे जरी सैल असले तरी पाण्यात कूस बदलताना सिलिंडर एका बाजूला कलतो आणि आपल्यालाही ओढतो. अडॅप्टरच्या पन्हळीत तो दोन कडांवर बसतो, मडकं चुंबळीवर बसावं तसा. चांगल्या सिंगल विंगमध्ये हेच काम मधोमध शिवलेल्या दोन उभ्या, कडक कांड्या करतात. विंग घेताना मी आधी तिथे बोटं फिरवून बघतो. कांड्या असतील तर अडॅप्टरची गरज उरत नाही.

आणि गरज नसताना लावलेला अडॅप्टर फुकटचा नसतो. सिलिंडर पाठीपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे सरकतो. ऐकायला हे कमी वाटतं, पण वजन पाठीपासून जितकं लांब, तितकं ते आडवं पोहताना कुशीवर वळवू पाहतं. स्टीलचा अडॅप्टर साधारण १ किलोच्या घरात जातो. जाड सूट घालून थंड पाण्यात उतरणाऱ्याला ते वजन उपयोगीच, कारण कमरेचं शिसं तेवढं कमी होतं. पातळ सुटात, स्टीलची प्लेट आधीच पाठीवर असताना, ते नकोसं होतं. विमानप्रवासात तर हमखास.

माझं मत सरळ आहे. प्लेटला आणि विंगला खाचा असतील, विंगला कांड्या असतील, तर पट्टे थेट ओवा. प्लेट जुनी, बिनखाचांची असेल, किंवा आज जोडसिलिंडर, उद्या एकच असं चालत असेल, तर अडॅप्टर घ्या आणि नट प्रत्येक डाइव्हआधी हाताने तपासा. मात्र जोडसिलिंडरची रुंद विंग अडॅप्टरवर चालवून नेऊ नका. अडॅप्टर सिलिंडर नीट बसवतो, पण ती विंग फुगल्यावर त्याच्याभोवती दोन्ही बाजूंनी गुंडाळली जाते आणि आतली हवा बाहेर काढणं कठीण होतं.

पद्धत कुठलीही असो, पट्टा आवळण्याआधी भिजवा. नायलॉन ओलं झालं की ताणलं जातं. सुरुवातीच्या दिवसांत मी कोरडे पट्टे आवळून उतरलो होतो. दहा मिनिटांत सिलिंडर बराच खाली घसरला, श्वास घ्यायच्या रेग्युलेटरची नळी ताणली गेली आणि जोडीदाराने खूण करेपर्यंत मला फक्त एवढंच कळत होतं की मान वळवताना तोंडातला माउथपीस ओढला जातोय. त्याने मला थांबवलं, मागून सिलिंडर वर उचलला, बकल उघडून पुन्हा आवळलं. तेव्हापासून आधी पट्टे भिजवतो, वरचा पट्टा सिलिंडरच्या खांद्याखाली सरळ भागावर घेतो आणि बकल बंद झालं की प्लेटला धरून सगळा संच उचलून जोरात हलवतो. भरलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर १६-१७ किलोंचा असतो. पट्टा सैल असेल तर तो तिथेच घसरतो.