गृहकर्जाला एजंट लागतो का? आमच्याकडे येण्याआधी एवढं वाचा

नमस्कार.

आम्ही कोल्हापुरात गृहकर्जाची कामं करतो. बँकेच्या भाषेत आम्ही डीएसए, लोकांच्या तोंडी लोन एजंट. पहिल्यांदा येणारा माणूस खुर्चीत टेकतानाच विचारतो, "तुमची फी किती?" तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

ग्राहकाकडून आम्ही एक रुपयाही घेत नाही. कर्जाचं वाटप झालं की बँक आम्हाला कमिशन देते आणि ते बँकेप्रमाणे कमीजास्त असतं. म्हणजे आमचं पोट बँकेच्या पैशावर चालतं, हे आमच्याशी बोलताना ध्यानात ठेवा. जिथं कमिशन जास्त तिथं फाईल ढकलायचा मोह या धंद्यात असतोच. म्हणून कुठल्याही एजंटला, आम्हालासुद्धा, स्पष्ट विचारा: तुमचं काम कोणकोणत्या बँकांशी आहे आणि माझ्या फाईलवर तुम्हाला किती मिळणार? उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे कागद देऊ नका.

एजंटशिवाय भागत असेल तर

पक्की नोकरी, पगार जमा होतो त्याच बँकेचं कर्ज, सिबिल स्कोअर (आजवरच्या कर्जफेडीवरून मिळणारे गुण) ७५० च्या पुढे आणि त्या बँकेनं आधीच मंजूर केलेल्या प्रकल्पातला फ्लॅट, असं सगळं जुळून आलं असेल तर सरळ शाखेत जा. एजंट आहे म्हणून बँक व्याज कमी लावत नाही. दर ठरतो तो तुमचा स्कोअर, उत्पन्न आणि कर्जाची रक्कम बघून.

मात्र किमान दोन ठिकाणी चौकशी करा. ४० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये येतो, पावणेनऊ टक्क्यांनी ३५,३४८. महिन्याला ६३५ रुपये काही वाटत नाहीत, पण २० वर्षांत ते दीड लाखावर जातात. तुलना करताना जाहिरातीतला दर धरू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता, देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर असतो, म्हणजे व्याजासोबत प्रोसेसिंग फीसारखे खर्च धरून काढलेला वर्षाचा दर, तो बघा.

आमचा खरा उपयोग कुठं होतो

शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप असलेले एक दादा आमच्याकडे आले. रिटर्नमध्ये निव्वळ नफा ४ लाख १० हजार. शाखेत तेवढाच आकडा धरला आणि कर्ज फार कमी बसलं. आम्ही ताळेबंद उघडला तर नव्या मशीनचा घसारा २ लाख ६० हजार होता. घसारा हा कागदावरचा खर्च. तो पैसा खिशातून गेलेला नसतो. बऱ्याच बँका तो पुन्हा नफ्यात जोडून उत्पन्न धरतात. मशीनच्या कर्जाचा हप्ता अर्थातच वजा झाला, तरी पात्रता चांगली वाढली. कुठली बँक हिशेब कसा धरते हे रोजच्या कामातून कळतं. धंदेवाईक माणसाला एजंटचा उपयोग होतो तो इथं.

दुसरी अडचण मिळकतीच्या कागदांची. गावठाणातलं घर, हातात फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा. अशा मिळकतीला अनेक बँका हात लावत नाहीत. काही गृहवित्त कंपन्या देतात, पण व्याज चढं असतं. ते परवडत नसेल तर घेऊ नका, असं आम्ही तोंडावर सांगतो.

विसार देण्याआधी थांबा

आम्हाला सगळ्यात वाईट वाटतं ते विसार देऊन मग कर्ज शोधत येणाऱ्यांचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, ३० ते ७५ लाखांचं ८० टक्क्यांपर्यंत, त्यापुढचं ७५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ५० लाखांच्या फ्लॅटला जास्तीत जास्त ४० लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत, ती रक्कम वेगळी हाताशी लागते. हे आधी कळलं तर बायकोचे दागिने घाईघाईनं गहाण टाकायची वेळ येत नाही. विसार द्यायचाच असेल तर कर्ज नामंजूर झाल्यास तो परत मिळेल, असं लेखी घ्या.

कोणत्याही एजंटकडे असाल तरी

एका वेळी चार-पाच ठिकाणी अर्ज टाकू देऊ नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलवर नोंदली जाते आणि स्कोअर घसरू शकतो. कोऱ्या फॉर्मवर सही नको, ओटीपी सांगणं नको, पगाराची स्लिप 'जरा फुगवून' देणं तर मुळीच नको. खोट्या कागदावर सही तुमची असते. प्रोसेसिंग फी थेट बँकेच्या खात्यात भरा. मूळ दस्त फक्त शाखेत द्या आणि यादीवर पोच घ्या. कर्जासोबतचा विमा त्याच बँकेकडून घ्यायची सक्ती नसते.

आमच्याकडे पहिल्या भेटीला मूळ कागद आणू नका, झेरॉक्स पुरते. नोकरदारांनी तीन महिन्यांच्या स्लिपा आणि फॉर्म १६, धंदेवाल्यांनी तीन वर्षांचे रिटर्न ताळेबंदासह, आणि सगळ्यांनी चालू हप्त्यांची खरी यादी आणावी. सिबिलचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही घरूनच काढून आणा. शक्य असेल तर घरातल्या सहअर्जदारालाही सोबत घेऊन या.