आयतं बीळच गेलं तर नागोबा जाणार कुठे?

‘आयत्या बिळावर नागोबा’ असं आपण फुकट्या माणसाला सुनावतो, पण खऱ्या नागोबाचा यात काही दोष नाहीये. सापाला पाय नाहीत, नखं नाहीत, कडक जमिनीत तो बीळ खणणार कशाने? वाळूत, भुसभुशीत मातीत घुसून राहणारे साप आहेत, पण बाकीचे बहुतेक उंदराचं बीळ, वारूळ, दगडाखालची फट, झाडाची ढोली असं जे तयार मिळेल त्यात राहतात, आणि पुष्कळ पाली-सरड्यांचं पण तसंच असतं. म्हणजे घर गेलं की नवीन बांधता येत नाही, दुसऱ्या कोणीतरी बनवलेलं शोधायचं, आणि ते जवळपास नसेल तर संपलं.

अधिवास नष्ट होतोय म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तोडलेलं जंगल आणि बुलडोझर येतो. ते खरंच आहे. २०२२ मध्ये जगभरातल्या १०,१९६ सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जातींचा हिशोब मांडला गेला, त्यात कासवं-मगरी पण धरल्या होत्या, तर किमान १,८२९ जाती म्हणजे साधारण पाचातली एक धोक्यात निघाली, आणि कारणांत शेती, लाकूडतोड, वाढती शहरं हीच वर होती. पण मला जास्त अस्वस्थ करतं ते वेगळंच. जंगल जागच्या जागी असतं, नकाशावर हिरवंगार दिसतं आणि तरी आतला साप बेघर झालेला असतो.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या आसपासच्या खडकाळ भागात ब्रॉड-हेडेड स्नेक नावाचा साप आहे, काळ्या अंगावर पिवळी नक्षी, विषारी आणि फार देखणा. उन्हाळ्यात तो झाडांच्या ढोलीत जातो, पण थंडीच्या महिन्यांत त्याला दगड लागतो आणि तोही कुठलाही चालत नाही. दगड पातळ हवा, म्हणजे वरचं ऊन खालपर्यंत पोचतं, मातीत रुतलेला नको, उघड्या कातळावर टेकलेला हवा आणि खालची फट अरुंद हवी. एवढे नखरे कशाला? तर साप आपल्यासारखं अंग आतून गरम ठेवू शकत नाही, पळायचं असो की खाल्लेलं पचवायचं असो, ऊब बाहेरून घ्यावी लागते, आणि उघड्यावर ऊन खात बसला तर शिकारी पक्षी उचलणार, म्हणून मग तापलेल्या दगडाच्या पोटाला लागून लपल्या लपल्या शेकत बसायचं. व्हेल्व्हेट गेको नावाची पाल पण असेच दगड शोधते, आणि लहान सापांचं मुख्य खाणं तीच.

नेमके हेच चपटे, झिजलेले दगड लोक बागा सजवायला उचलून नेतात. एक झाड तुटत नाही, कोणाला काही गेल्याचं कळत पण नाही, आणि तसा दगड आपल्या आयुष्यात तरी तिथे परत तयार होत नाही. संशोधकांनी मग काँक्रीटचे दगड बनवून ठेवून पाहिले आणि सरपटणारे प्राणी खरंच त्यांच्याखाली राहायला आले! अजून एक गोष्ट कळली, जी झाडं आवडणाऱ्या मला पचायला जड गेली: वर फांद्यांची दाटी होऊन सावली पडली की दगड असूनही तो थंड पडतो आणि सापाच्या उपयोगाचा राहत नाही, काही ठिकाणी फांद्या छाटून ऊन येऊ दिलं तेव्हा तिथला वावर वाढला.

दुसरी गोष्ट त्याच देशातली, पिग्मी ब्लूटंगची. वीतभरही लांब नसलेला हा सरडा नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते, आणि १९९२ मध्ये बर्रा गावाजवळ रस्त्यावर मेलेल्या सापाच्या पोटात तो सापडला. मग शोधाशोध झाली तेव्हा कळलं की हा राहतो कोळ्यांनी खणलेल्या बिळांत, माळरानावर, तोंडाशी डोकं काढून बसतो आणि समोरून नाकतोडा गेला की झडप घालून परत आत. मेंढ्या चरतात अशा माळावर तो टिकून आहे कारण मेंढी गवत खाते, बीळ तसंच राहतं, पण नांगर फिरला की कोळ्याचं बीळ गेलं आणि त्याच फेरीत सरड्याचंही गेलं, कारण त्याला स्वतःला खणता येत नाही. लाकडी दांडक्याला भोक पाडून जमिनीत ठोकलं तर तो त्यात राहायला येतो हे आता माहिती झालंय, फक्त माप चुकवून चालत नाही: भोक चांगलं खोल हवं आणि त्याचं तोंड सरड्याचं डोकं जेमतेम आत जाईल एवढंच. खूप रुंद भोक असेल तर तो दुसरं शोधतो.