सशाच्या पायाला गादी नसते

कुत्र्याचा किंवा मांजराचा पंजा उलटा करून पाहा, तळव्याला रबरासारख्या मऊ गाद्या दिसतील. सशाला त्या नसतात. त्याच्या तळव्याला फक्त दाट केस, त्याखाली पातळ कातडी आणि लगेच हाड. मागच्या पायाला मध्येच जो उलटा गुडघा असल्यासारखा दिसतो, तो खरं तर टाचेचा सांधा. ससा बसला की तिथपासून बोटांपर्यंतचा सगळा भाग जमिनीला टेकतो.

माती आणि गवतावर एवढी व्यवस्था पुरते. नखं रुततात आणि भार बोटांपासून टाचेपर्यंत वाटला जातो. फरशीवर किंवा जाळीच्या पिंजऱ्यात नखं रुतत नाहीत, बोटं वर उचलली जातात आणि भार मागे टाचेवर सरकतो. वाढलेली नखं यात भर घालतात. हाड आणि फरशी यांच्यामध्ये कातडी दिवसभर दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा कमी होतो. आधी केस झडतात, मग कातडी लाल होते, खपली धरते, फुटते. जंतू आत शिरले तर हाडापर्यंत जातात. याला पोडोडर्माटायटिस म्हणतात. फार पुढे गेलेल्या रोगात टाचेवरून जाणारा स्नायूबंध जागचा सरकतो आणि सशाची उभं राहण्याची ढबच कायमची बदलते. वजनदार आणि दिवसभर कोंडलेल्या सशांना धोका जास्त. रेक्स जातीलाही तसाच, कारण तिच्या मखमली अंगावर राठ संरक्षक केस जवळजवळ नसतात.

दुखणं लपवण्यात ससा पटाईत असतो, म्हणून त्याच्या बसण्याकडे लक्ष ठेवा. पाय मागे सोडून लांब पसरलेला किंवा कुशीवर आडवा पडलेला ससा सहसा निवांत असतो. पाठीला पोक, डोळे अर्धवट मिटलेले, दात करकर वाजताहेत, असं दिसलं तर त्याला दुखतंय. सारखा भार बदलणं, नेहमीच्या उंचीवर उडी न मारणं, ढुंगणाला मऊ लेंड्या चिकटून राहणं हीही दुखण्याची चिन्हं. ससा त्या लेंड्या वाकून थेट गुदद्वाराशीच खातो. पाठ किंवा पाय दुखत असेल तर तोंड तिथवर पोचत नाही. मग लघवीने कातडी भाजते आणि पावसाळ्यात माश्या तिथे अंडी घालतात. एका दिवसात अळ्या पडू शकतात, आणि ही तातडीने दवाखाना गाठण्याची वेळ असते.

पाय आठवड्यातून एकदा तपासा. जमिनीवर बसा, सशाची पाठ आपल्या पोटाशी टेकवा, एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. दुसऱ्या माणसाने केस बाजूला करून टाच पाहायची. उताणं करू नका. तेव्हा तो शांत दिसतो, पण ती भीतीने आलेली ताठरता असते. टाचेवर छोटा, कोरडा, केस गेलेला ठिपका बऱ्याच सशांना असतो. लाली, सूज, खपली किंवा रक्त दिसलं तर डॉक्टर गाठा. खपली उचकटू नका, तळव्याचे केस कापू नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मुळीच नकोत. पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जीवाणू मरून ससा दगावू शकतो. सशांची माहिती असलेलाच डॉक्टर शोधा, असं आम्ही आग्रहाने सांगतो ते यासाठी.

घरात पहिला बदल जमिनीचा करा. जाळी झाकून वर 8 ते 10 सेंमी जाड सुक्या गवताचा थर द्या, फरशीवर सुती सतरंजी किंवा जुनी गोधडी अंथरा. ससा कापड कुरतडून गिळत असेल तर गवतच बरं. ओलं झालेलं रोज काढा, कारण लघवीत भिजलेली कातडी लवकर फुटते. नखं दर 4 ते 6 आठवड्यांनी कापा. आतली रक्तवाहिनी दिसत नसेल तर मागून टॉर्च धरा आणि तिच्या 2-3 मिमी अलीकडेच थांबा. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला करून लिहून ठेवा.

मागचे दोन्ही पाय अचानक फरफटू लागले तर दोष पायांत नसून बहुधा कण्यात असतो. मागचा भाग आधाराशिवाय लटकत असताना सशाने जोरात लाथ झाडली की त्याच झटक्याने कंबरेचा मणका मोडू शकतो. स्नायू दांडगे, हाडं मात्र हलकी. अशा सशाला चालवून पाहू नका. घडी घातलेला टॉवेल पसरलेल्या खोक्यात त्याला सपाट ठेवा आणि लगेच निघा.