हौशी छायाचित्रकारांतील ताज्या छायाचित्रांची देवघेव

छायाचित्रण हा ज्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय नाही अशा व्यक्तींनी आपली नुकतीच टिपलेली छायाचित्रे त्याच छंदातल्या इतरांसमोर ठेवण्याची, त्यांचे अभिप्राय ऐकण्याची आणि त्यांच्या छायाचित्रांवर आपला अभिप्राय देण्याची प्रथा. ती मंडळांच्या मासिक बैठकांतून, टपालाने फिरणाऱ्या संग्रहांतून आणि आता मुख्यतः मोबाइलवरील गटांतून चालते. प्रदर्शनात निवडून, पारखून पक्के झालेले काम मांडले जाते. या देवघेवीतले छायाचित्र मात्र अजून कच्चे असते. ते पुन्हा कातरता येते, त्याची छपाई बदलता येते, जमल्यास त्याच जागी पुन्हा जाऊन ते नव्याने टिपता येते. ताजेपणाचे महत्त्व एवढ्यापुरतेच नाही. पहाटे चारला उठून गड चढलेल्या माणसाला आपल्या छायाचित्रात ती चढण, तो गारठा आणि ढग फाकण्याची वाट पाहत काढलेले दोन तासही दिसत असतात. पाहणाऱ्याला दिसते ते केवळ चौकटीत उतरलेले. हा फरक टिपणाऱ्याला एकट्याने उमगणे फार कठीण असते, आणि तो दाखवून देणारी दुसरी नजर मिळणे हेच या प्रथेचे खरे प्रयोजन आहे.

या प्रथेचा उगम छायाचित्रणाच्या तंत्रातच सापडतो. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या, फ्रान्सच्या दागेरच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच प्रतिमा उमटे, आणि तिच्या प्रती काढता येत नसत; ती दाखवता येई, वाटता येत नसे. इंग्लंडच्या टॅल्बटच्या कॅलोटाइप पद्धतीत कागदी निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या आणि देवघेव शक्य झाली. टॅल्बटने १८४१ मध्ये घेतलेले एकस्व (पेटंट) स्कॉटलंडला लागू नव्हते, त्यामुळे तेथील हौशी मंडळींना ही पद्धत विनापरवाना वापरता आली. १८४० च्या दशकातील एडिंबरो कॅलोटाइप क्लब हा जगातील अगदी आरंभीच्या छायाचित्र-मंडळांपैकी एक असून त्याच्या सभासदांनी जमवलेले अल्बम आजही एडिंबरोत जपलेले आहेत. लंडनमध्ये १८५३ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्याच वर्तुळातील मंडळींनी आपापसांत प्रिंट वाटून घेण्यासाठी एक क्लब काढला आणि १८५५ सालासाठी सभासदांच्या छायाचित्रांचा अल्बम सिद्ध केला. त्यात छायाचित्रांबरोबर ती कोणत्या पद्धतीने घेतली याचा तांत्रिक तपशीलही दिला होता. शटर, छिद्र आणि भिंग यांचे आकडे छायाचित्राखाली देण्याची आजच्या हौशी मंडळींची सवय अशी जवळजवळ या कलेइतकीच जुनी आहे.

मुंबई या बाबतीत मागे नव्हती. १८५४ मध्ये, म्हणजे लंडननंतर अवघ्या वर्षभरात, येथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्या कामात सहभाग होता. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे टिपत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि १८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी अस्सल प्रिंट चिकटवलेला ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ अंकाअंकाने काढला. कलकत्ता आणि मद्रास येथेही १८५६ मध्ये अशाच संस्था निघाल्या. त्या काळी ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे चिकट रासायनिक द्रावणाचा थर दिलेल्या काचा जागेवरच तयार करून लगोलग धुवाव्या लागत, त्यामुळे हा छंद सरकारी अधिकारी, डॉक्टर आणि श्रीमंत व्यापारी यांच्यापुरताच राहिला, हेही नोंदवले पाहिजे.

कोरड्या काचा आणि १८८८ चा कोडॅक कॅमेरा आल्यावर ही मर्यादा सुटली. गावोगाव हौशी छायाचित्रकार झाले, पण प्रत्येक गावात मंडळ नव्हते. यातून ब्रिटनमध्ये टपाल-मंडळांची पद्धत रुजली. तिची रचना साधी आणि विलक्षण परिणामकारक होती. एक पेटी ठरावीक क्रमाने सभासदांच्या घरी फिरते. तीत प्रत्येकाचे एकेक प्रिंट असते आणि सोबत अभिप्रायाचा कागद. पेटी घरी आली की सभासद आपले मागच्या फेरीतले प्रिंट, त्यावर साऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरासह काढून घेतो, त्या जागी नवे ठेवतो, इतरांच्या प्रत्येक प्रिंटवर स्वतः चार ओळी लिहितो आणि पेटी पुढच्या पत्त्यावर धाडतो. लिहिल्याशिवाय पेटी पुढे पाठवायची नाही, हा या पद्धतीचा कणा. घेणारा प्रत्येक जण देणाराही व्हावा याची याहून चांगली सोय नंतरच्या कोणत्याही माध्यमाला साधलेली नाही.

भारतात विसाव्या शतकात या देवघेवीला स्थिर रूप आले. मुंबईत १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया, तर बंगळुरूत १९७१ मध्ये यूथ फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १९५० मध्ये छायाचित्र-मंडळांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, फियाप, उभा राहिला आणि १९५३ मध्ये फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी. या महासंघांनी मान्यता दिलेल्या स्पर्धा-प्रदर्शनांना ‘सलॉन’ म्हणतात. मंडळाची मासिक बैठक ही पुष्कळ सभासदांसाठी सलॉनची पूर्वतयारी असते, आणि त्याचा एक दुष्परिणाम म्हणजे परीक्षकांना रुचेल तेच टिपण्याची लागणारी सवय. धुक्यातली नाव, खिडकीतून येणाऱ्या तिरिपेत बसलेले म्हातारे गृहस्थ, धूळ उडवत घरी निघालेला मेंढ्यांचा कळप, ही चित्रे इतक्यांदा पुन्हा पुन्हा काढली गेली त्याचे कारण हेच.

बैठकीची रीत बहुतेक मंडळांत सारखीच असते. प्रिंट माउंट करून दिव्याखाली उभे केले जाते, किंवा पूर्वी स्लाइड आणि आता डिजिटल चित्र पडद्यावर दाखवले जाते. ते कोणाचे आहे हे अनेक ठिकाणी आधी सांगत नाहीत, आणि ज्याचे आहे त्याने सर्वांचे बोलून होईपर्यंत गप्प बसायचे असते. समजा, दिवे घाटात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर चाललेल्या, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका बाईंचे छायाचित्र लागले आहे. पहिल्या दोघांना चेहऱ्यावरचा थकवा आणि ओठांवरचा अभंग भावतो. तिसरा म्हणतो, मागचा विजेचा खांब नेमका वृंदावनातून उगवला आहे; फोटो घेणारा हातभर डावीकडे सरकता तर तो सुटला असता. चौथ्याला वाटते, आभाळ पार जळले आहे, म्हणजे नुसते पांढरे झाले आहे, त्यामुळे डोळा चेहऱ्यावर न थांबता वर निसटतो. मग कोपऱ्यात बसलेले कोणी जुने सभासद एवढेच म्हणतात, “पायी वारीचा फोटो, आणि पावलंच कापली गेली आहेत.” टिपणाऱ्याच्या बाजूने खूप काही सांगण्यासारखे असते: मागून गर्दीचा रेटा होता, भिंग बदलायला उसंत नव्हती. पण गर्दीचा तो रेटा चौकटीत आलेला नाही, म्हणून तो बैठकीत मोजला जात नाही. खांबाची चूक त्याच क्षणी कळली तर टळते, आभाळ संगणकावर थोडेफार सावरता येते, पावले मात्र पुढच्या वारीतच मिळतात. अभिप्रायातून असा निवाडा हाती लागणे ही बैठकीची कमाई होय.

रंगीत स्लाइडच्या काळात ‘ताजे’ या शब्दाचा अर्थ वेगळा होता. ३५ मिलिमीटरची कोडाक्रोम फिल्म १९३६ मध्ये बाजारात आली. ती घरी धुता येत नसे, आणि रोल ठरावीक प्रयोगशाळांकडेच पाठवावे लागत. ते परत येईपर्यंत आठवडे जात, त्यामुळे टिपणाऱ्यालाही आपले चित्र जरा परक्या नजरेने पाहता येई. डिजिटल कॅमेऱ्याने हा अवधी पुसून टाकला. २००४ मध्ये फ्लिकर सुरू झाल्यावर जगभरातले अनोळखी हौशी छायाचित्रकार एकमेकांना रोजची छायाचित्रे दाखवू लागले, आणि आज ताडोबातल्या वाघाचे चित्र जिप्सी प्रवेशद्वाराबाहेर पडताच व्हॉट्सॲपवरच्या गटात पोहोचते. यात पोच वाढली, पण बोलणे आखडले. अंगठ्याचे चिन्ह किंवा ‘अप्रतिम’ हा एकच शब्द प्रेमाने दिलेला असला, तरी त्यातून टिपणाऱ्याला खांब दिसत नाही. म्हणूनच काही गटांनी जुन्या टपाल-पेटीचा नियम नव्याने आणला आहे: दिवसाला एकाने एकच छायाचित्र टाकावे, आणि त्याआधी इतरांच्या दोन छायाचित्रांवर सविस्तर लिहावे.

ताजे छायाचित्र दाखवण्याबरोबर काही बंधनेही येतात. निसर्गचित्रणाच्या स्पर्धांसाठी फियाप, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका आणि इंग्लंडची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मिळून जी व्याख्या ठरवली आहे, तिच्यानुसार कातरण्याखेरीज चित्रात काही घालता वा काढता येत नाही, आणि चित्रापेक्षा टिपल्या जाणाऱ्या जिवाचे हित मोठे मानले जाते. भारतातील अनेक मंडळे घरट्यावरच्या पक्ष्यांची छायाचित्रे स्वीकारतच नाहीत, कारण कॅमेऱ्यांच्या गर्दीने पक्षी घरटे सोडून जातात आणि पिले उघडी पडतात. घुबडासारख्या दिवसा एकाच जागी बसून राहणाऱ्या पक्ष्याचे चित्र गटात टाकताना नेमके झाड सांगू नये, हा संकेतही याच कारणाने रूढ झाला आहे. त्याच दिवशी सांगितलेली जागा दुसऱ्या दिवशी जत्रा होते, इतका ताजेपणाचा धोका थेट आहे. माणसांच्या चित्रांबाबत मात्र असा स्पष्ट संकेत अजून घडलेला नाही. वारीत किंवा जेजुरीच्या भंडाऱ्यात टिपलेल्या माणसाला आपले चित्र कोणाकोणासमोर गेले हे सहसा कळतही नाही, आणि ही उणीव मंडळांनी गांभीर्याने घ्यायला हवी. छायाचित्राचा हक्क ते गटात दाखवल्याने कोणाकडे जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कायद्यानुसार तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

या प्रथेचा सर्वांत शिकवणारा प्रकार म्हणजे एकत्र भ्रमंतीनंतरची बैठक. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. तेथे एकाच नावेत बसून, एकाच थव्यावर, एकाच प्रकाशात पाचसहा जणांनी टिपलेली छायाचित्रे संध्याकाळी एका ओळीत लावली जातात. एकाने उडता थवा पकडलेला असतो, दुसऱ्याने पाण्यातली गुलाबी प्रतिबिंबे, तिसऱ्याने थव्याकडे पाठ करून बसलेला नावाडी. नाव, पाणी आणि वेळ सगळ्यांची एकच होती, त्यामुळे कॅमेरा किंवा नशीब यांवर बोट ठेवायला कोणालाच जागा उरत नाही, आणि नावाडी आपल्यालाही समोर दिसत होता हे उरलेल्यांच्या तिथे ध्यानात येते.