रॅम मोकळी असताना पेज फाइल कशाला?

ठाण्यात स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानांत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला सर्रास ऐकू येतो: "16 जीबी रॅम आहे ना? मग व्हर्च्युअल मेमरी बंद करून टाका, मशीन पळायला लागेल." पुरावा म्हणून टास्क मॅनेजर उघडून दाखवला जातो. रॅम निम्मी मोकळी, आणि तरी सी ड्राइव्हवर काही जीबींची पेज फाइल, म्हणजे रॅममधली पानं ठेवायला विंडोजने डिस्कवर राखलेली फाइल, ठाण मांडून बसलेली. एवढी रॅम पडून असताना डिस्कवर जागा कशाला अडवायची, हा प्रश्न अगदी रास्त आहे. घोळ आहे तो 'व्हर्च्युअल मेमरी म्हणजे रॅम संपल्यावर वापरायची डिस्क' या समजुतीत.

व्हर्च्युअल मेमरी बंद करताच येत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'व्हर्च्युअल मेमरी' नावाच्या चौकटीत बंद होते ती फक्त पेज फाइल. खरी यंत्रणा, म्हणजे प्रोग्रॅम वापरतो त्या पत्त्यावरून रॅममधली खरी जागा शोधणारी, प्रोसेसरच्या आत असते आणि संगणक चालू असेपर्यंत क्षणभरही थांबत नाही.

नवी मुंबईत सेक्टर 10 वाशीला आहे, नेरुळला आहे, ऐरोलीला आणि खारघरलाही आहे. नुसतं 'सेक्टर 10' म्हटलं तर रिक्षावाला आधी 'कुठला?' म्हणून विचारणार. प्रोग्रॅमचे मेमरीतले पत्ते नेमके असेच असतात. ब्राउझर आणि एक्सेल दोघंही एकाच क्रमांकाचा पत्ता बिनदिक्कत वापरतात, पण त्या क्रमांकामागची रॅममधली खरी जागा प्रत्येकाची वेगळी असते. कुठल्या प्रोग्रॅमचा कुठला पत्ता रॅममध्ये कुठे आहे, याची नोंद पेज टेबल नावाच्या तक्त्यात असते. त्यामुळे एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या माहितीला हातच लावता येत नाही. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळात ही भिंत नव्हती. एक प्रोग्रॅम बिघडला की सगळं मशीन बंद पडायचं.

हा तक्ता कसा वाचला जातो ते सांगतो, कारण संगणकशास्त्रात यापेक्षा सुंदर गोष्टी मला फार थोड्या ठाऊक आहेत. मेमरी 4096 बाइटच्या पानांत वाटलेली असते. नेहमीच्या 64 बिटी इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर प्रोग्रॅमचा पत्ता 48 बिटांचा असतो. त्यातले शेवटचे 12 बिट पानावरची जागा सांगतात, कारण 2 चा 12वा घात म्हणजे 4096. उरलेल्या 36 बिटांचे नऊ-नऊचे चार गट होतात. पहिला गट पहिल्या तक्त्यातली ओळ दाखवतो, त्या ओळीत दुसऱ्या तक्त्याची जागा असते, दुसरा गट तिथली ओळ दाखवतो, आणि असं करत चौथ्या तक्त्यात रॅममधल्या खऱ्या पानाचा पत्ता हाती लागतो. 9 बिटांनी 512 ओळी मोजता येतात आणि प्रत्येक ओळ 8 बाइटची. म्हणजे एक तक्ता 4096 बाइटचा, बरोबर एका पानात बसणारा! तक्ता ठेवायलाही तेच माप पुरतं.

पण मग एक आकडा वाचायला आधी चार वेळा रॅममध्ये जावं लागेल. ते टाळण्यासाठी नुकत्याच शोधलेल्या पत्त्यांची छोटी यादी प्रोसेसर स्वतःजवळच ठेवतो. तिला टीएलबी म्हणतात. प्रोग्रॅम त्याच त्या पानांवर वावरत असल्यामुळे बहुतेक पत्ते तिथेच सापडतात.

चौथ्या तक्त्याच्या ओळीत एक बिट असतो: हे पान आत्ता रॅममध्ये आहे की नाही. नसेल तर प्रोसेसर प्रोग्रॅमला थांबवतो आणि काम ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवतो. ती पान आणून ठेवते, ओळ दुरुस्त करते, आणि अडलेली तीच सूचना पुन्हा चालते. प्रोग्रॅमला याचा पत्ताही लागत नाही. याला पेज फॉल्ट म्हणतात, पण हा बिघाड नव्हे. ही कल्पना मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या चमूने फेरान्ती कंपनीबरोबर बांधलेल्या अ‍ॅटलास संगणकात 1962 साली प्रत्यक्षात आली. त्याची मुख्य मेमरी 16,384 शब्दांची (शब्द म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तेवढा माहितीचा तुकडा) होती आणि फिरत्या चुंबकी ड्रमवर 98,304 शब्द मावत. त्याआधी ड्रमवरून तुकडे आणण्या-नेण्याचा हिशेब प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठेवावा लागे.

आता पेज फाइलकडे येऊ. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा त्याला मिळते फक्त हमी. रॅममधलं पान हातात पडतं ते पहिल्यांदा वापरताना. बरेच प्रोग्रॅम गरजेपेक्षा जास्त मागून ठेवतात. विंडोज मात्र दिलेल्या हमीबाबत काटेकोर आहे: रॅम अधिक पेज फाइल, यापलीकडे ते शब्दच देत नाही. समजा सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून 16 जीबीची हमी घेतली आणि वापरले 9 जीबी. पेज फाइल नसेल तर पुढच्या मागणीला नकार मिळतो, सात जीबी रॅम कोरी पडलेली असताना! 8 जीबीची पेज फाइल असेल तर हमीची मर्यादा 24 जीबी होते, आणि त्यासाठी डिस्कवर एक बाइटही लिहावा लागेलच असं नाही. लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम साधारणपणे ऐपतीपेक्षा जास्त हमी देते आणि सगळेच एकदम वसुलीला आले की एखादा प्रोग्रॅम बंद पाडते.

शिवाय पेज फाइल काढल्याने डिस्ककडची धाव थांबत नाही. प्रोग्रॅमचा कोड आधीच डिस्कवर असतो, त्यामुळे रॅमची ओढाताण झाली की तो सोडून देऊन पुन्हा वाचता येतो. पण सकाळपासून न बघितलेल्या टॅबमधल्या माहितीला पेज फाइलशिवाय दुसरी जागा नाही. ती रॅममध्ये अडकून राहते आणि कामाची पानं बाहेर जातात.

डिस्क संथ असते हे खरंच आहे. रॅमला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या हजारपट, फिरत्या हार्ड डिस्कला लाखपट. म्हणूनच '8 जीबी + 8 जीबी' अशी रॅमची बेरीज करून फोन विकणाऱ्या जाहिराती मला दिशाभूल करणाऱ्या वाटतात. तो दुसरा आकडा फोनच्या स्टोरेजमधला असतो, त्याला रॅमच्या पंगतीला बसवणं योग्य नाही. रॅम 'साफ' करणाऱ्या अ‍ॅपवरही विश्वास ठेवू नका. ती जी पानं हाकलतात, तीच थोड्या वेळाने पुन्हा आणावी लागतात.

आपल्या मशीनला रॅम खरोखर कमी पडते का, हे पेज फाइलच्या आकारावरून कळत नाही. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर उघडा, मेमरीच्या टॅबवर 'हार्ड फॉल्ट्स' हा आलेख आहे, म्हणजे ज्यांसाठी डिस्कवर जावं लागलं असे पेज फॉल्ट. नवा प्रोग्रॅम उघडताना तो उसळतो आणि खाली येतो, त्यात काळजीचं काही नाही. नेहमीचं काम करताना तो सतत वरच राहत असेल आणि मशीन अडखळत असेल, तर रॅम वाढवा. पेज फाइलचा आकार मात्र विंडोजलाच ठरवू द्या.