८८२३५२९४११७६४७०५ची फोड

गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर म्हटलं की लोकांना ६१७४ आठवतो, म्हणजे चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेलं की बहुतेक वेळा शेवटी येणारा त्यांचा आकडा. मला मात्र त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘कापरेकर संख्या’ जास्त मोलाच्या वाटतात. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि पुढे देवळालीत शाळामास्तर झाले. १९२७ साली त्यांना मिळालेलं गणिताचं पारितोषिक रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं, आणि परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे. किनाऱ्याने नुसते नारळ आणि आंबेच पिकवले नाहीत!

या संख्यांची अट सोपी आहे. संख्येचा वर्ग करा. संख्येत जितके अंक, तितके अंक वर्गाच्या उजव्या टोकाकडून तोडा. दोन्ही तुकड्यांची बेरीज केली की मूळ संख्या परत यायला हवी. ४५चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. १४२८५७चा वर्ग २०४०८१२२४४९. २०४०८ आणि १२२४४९ मिळवून पाहा.

इथे बरेचजण ‘काय चमत्कार!’ म्हणून थांबतात. खरी गंमत तर त्यापुढे आहे. वर्गाचा डावा तुकडा ‘अ’ आणि उजवा ‘ब’ धरू. संख्या सहा अंकी असेल, तर वर्ग म्हणजे अ × १०००००० + ब, आणि संख्या म्हणजे अ + ब. वर्गातून संख्या वजा केली की ‘ब’ उडतो आणि उरतं अ × ९९९९९९. म्हणजे संख्या आणि तिच्या आधीची संख्या, या दोघींच्या गुणाकाराला ९९९९९९ने पूर्ण भाग गेला की काम फत्ते. आता ९९९९९९ म्हणजे १४२८५७ × ७. त्यातला १४२८५७ आपल्या हातात आहेच, आणि उरलेला ७ आधीच्या १४२८५६ला बरोबर भागतो. भागाकार किती? २०४०८. वर्गाचा डावा तुकडा वर्ग न करताच मिळाला!

ही किल्ली हाती आली की संख्या कितीही मोठी चालते. सोळा नऊ एका ओळीत लिहून १७ने भागा: ५८८२३५२९४११७६४७. हिला पुन्हा १७ने भागलं तर बाकी ८ उरते. आपल्याला बाकी १ हवी, म्हणजे आधीच्या संख्येला १७ने पूर्ण भाग जाईल. ८ × १५ = १२०, आणि १२०ला १७ने भागल्यावर बाकी १. म्हणून पंधरापट करायची: ८८२३५२९४११७६४७०५.

हिचा वर्ग फोनच्या साध्या कॅल्क्युलेटरवर करू गेलात, तर तो बहुधा शेवटचे अंक गिळून टाकेल. पावसात वीज गेली असली तरी कागद-पेन्सिल पुरते. आधीच्या संख्येला १७ने भागून १५ने गुणलं की डावा तुकडा ७७८५४६७१२८०२७६८०. तो मूळ संख्येतून वजा केला की उजवा १०३८०६२२८३७३७०२५. हे दोन शेजारी मांडले की बत्तीस अंकी वर्ग तयार.

शिवाय एकावर सोळा शून्यं घेऊन त्यातून ही संख्या वजा करा: ११७६४७०५८८२३५२९५. तीही कापरेकर संख्याच, कारण तिलाही तीच अट लागू पडते.

१७ऐवजी १९ घेतलात, तर अठरा नऊ लागतील, बाकी १५ येईल आणि चौदापट करावी लागेल. उत्तर ७३६८४२१०५२६३१५७८९४, त्याच्या वर्गाचे तुकडे तुम्ही पाडा.