जंतुनाशक आधी की नंतर? ब्रॅकेटच्या पकडीचा प्रश्न

ठाण्यात गोखले रोडवर संध्याकाळी क्लास सुटले, की दातांना तारा बसवलेली कितीतरी मुले दिसतात. हे उपचार बहुधा दीड-दोन वर्षे चालतात आणि तेवढा काळ ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरण्यासाठी दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्यांच्या, कडेला, जिथे ब्रश नीट पोहोचत नाही तिथे, कीटण साचत राहते. त्यातले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. सामू (pH) साधारण ५.५ च्या खाली घसरला, की इनॅमलमधील, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणातील, खनिजे विरघळू लागतात आणि महिन्याभरातही दातावर खडूसारखे पांढरे डाग उमटू शकतात. म्हणून अनेक दंतवैद्य क्लोरहेक्सिडीनसारखे जंतुनाशक वापरतात. त्याने ब्रॅकेटची पकड सैल होते का, ही पालकांची शंका रास्त आहे.

ते जंतुनाशक कोणत्या टप्प्यावर लावले, यावर बरेच काही अवलंबून असते. अमेरिकी दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवलेल्या, आम्लाने दात खरखरीत करून चिकटवण्याच्या तत्त्वानुसार आजही ३७ टक्क्यांच्या आसपासचे फॉस्फोरिक आम्ल दातावर १५ ते ३० सेकंद ठेवतात, मग पाण्याने धुऊन दात कोरडा करतात. तेव्हा चकाकणारे इनॅमल एकदम निस्तेज, पांढुरके दिसू लागते, कारण त्यावर असंख्य सूक्ष्म छिद्रे पडलेली असतात. रेझिन हे पातळ चिकटद्रव्य त्यांत झिरपते आणि निळ्या प्रकाशाखाली घट्ट होते. ब्रॅकेट धरून ठेवतात ती छिद्रांत रुतलेली रेझिनची मुळे. क्लोरहेक्सिडीन आम्लाच्या आधी लावले, तर ते पुढच्या धुण्यात बहुतांशी निघून जाते आणि पकडीत लक्षणीय फरक पडत नाही, असे प्रयोगांत आढळले आहे. मात्र छिद्रे पडल्यानंतर त्यावर जंतुनाशक व्हार्निशचा थर राहिला, तर रेझिनची वाटच अडते. रेझिन पक्के झाल्यानंतर घरी चूळ भरण्याची धास्ती बाळगू नये. क्लोरहेक्सिडीनने दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून त्याचा वापर सांगितलेल्या मुदतीपुरताच ठेवावा.

चांदीचे किंवा झिंक ऑक्साइडचे नॅनोकण थेट चिकटद्रव्यात मिसळण्याचा मार्ग मला सर्वांत आशादायक वाटतो, पण त्यात तोल सांभाळावा लागतो. कण वाढवले, की जिवाणू अधिक मरतात. मात्र कण प्रकाश अडवतात, रेझिन अर्धवट पक्के होते आणि पकड घटते. साधारण ६ ते ८ मेगापास्कल (दाब मोजण्याचे एकक) इतकी पकड उपचाराला पुरेशी मानली जाते, आणि ती फार वाढणेही बरे नाही, कारण शेवटी ब्रॅकेट काढताना इनॅमलचा टवका उडण्याचा धोका असतो. शिवाय हे आकडे बहुतेक काढलेल्या दातांवर मोजलेले असतात. रोजचे चावणे आणि लाळ सोसून तीच पकड दोन वर्षे टिकते का, याची परीक्षा रुग्णांच्या तोंडातच घ्यावी लागते.